क्लॅम्प सुटल्यानंतरची पाच मिनिटं

पुण्याहून मुंबईकडे निघालेलं यकृत ग्रीन कॉरिडॉरने द्रुतगती मार्ग उतरतं, तेव्हा कळंबोलीच्या नाक्यावर आपण पनवेलकर दोन मिनिटं थांबतो. ॲम्ब्युलन्स गेली, की आपल्यापुरती गोष्ट संपते. ऑपरेशन थिएटरात मात्र खरी कसोटी पुढेच असते. नव्या यकृताच्या शिरा जोडून झाल्या, की सर्जन भूलतज्ज्ञाकडे पाहतो : "सोडू?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला शिकवणाऱ्या संस्थांमध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाचं नाव अग्रभागी आहे.

डॉ. थॉमस स्टार्झल यांनी 1963 साली डेन्व्हरमध्ये पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं. तीन वर्षांचा तो मुलगा रक्तस्रावाने टेबलावरच गेला. 1981 साली स्टार्झल पिट्सबर्गला आले आणि तिथे शस्त्रक्रियांची रांगच लागली. डॉ. यू गू कांग यांच्या भूलपथकापुढे रोज तोच पेच असे. जुनं यकृत काढताना महाशिरेला क्लॅम्प लावला, की पायांकडचं आणि आतड्यांकडचं रक्त हृदयापर्यंत पोचेना. त्यावर तिथल्या सर्जनांनी पंप आणला : ते रक्त नळीने बाहेर काढायचं आणि काखेतल्या शिरेतून परत शरीरात सोडायचं. पुढे 1989 साली महाशीर न कापता, तिच्यावरच नवं यकृत जोडायची पद्धत याच संस्थेने मांडली आणि पंपाची गरज बरीच कमी झाली.

दुसरा पेच क्लॅम्प सोडतानाचा. बर्फात राहिलेल्या यकृतातून थंड, आम्लधर्मी, पोटॅशियमने भरलेलं रक्त थेट हृदयाकडे धावतं. ईसीजीतली टी लाट सुळक्यासारखी उभी राहते, ठोके मंदावतात, रक्तदाब कोसळतो. 1987 साली याच पथकाने या अवस्थेला नाव दिलं आणि मोजमापही ठरवलं : पहिल्या पाच मिनिटांत सरासरी रक्तदाब तीस टक्क्यांहून जास्त घसरला आणि किमान एक मिनिट तसाच राहिला, तर ती 'पोस्टरीपरफ्यूजन सिंड्रोम'. नुसती धास्ती होती, तिला आकडा मिळाला. मग कॅल्शियम, ॲड्रेनॅलिन आधीच भरून हाताशी ठेवता येऊ लागलं.

पण एकट्या रक्तदाबावर विसंबून चालत नाही. सिरॉसिसच्या रुग्णात रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात; हृदय भरपूर रक्त फेकत असतं, तरी दाब कमीच दिसतो. म्हणून मनगटातल्या धमनीत नळी, मानेतून हृदयातला दाब मोजणारं स्वान-गांझ कॅथेटर आणि अलीकडे अन्ननलिकेत उतरवलेला इकोचा प्रोब. हृदय रिकामं पडलंय, की उजवी बाजू फुगलीय, हे तो पडद्यावर समोर दाखवतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे : पहिल्यात सलाइन-रक्त द्यायचं, दुसऱ्यात तेच दिलं तर जिवावर बेतेल.

भारतात अवयवदानाचा कायदा 1994 साली झाला आणि पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण 1998 साली दिल्लीत. आज पनवेलच्या रुग्णाला त्यासाठी परदेश गाठावा लागत नाही. मुंबईत ते होतं.

आणि तिथेही सर्जन तेच विचारतो. भूलतज्ज्ञ पडद्यावरून नजर न हलवता म्हणतो, "थांबा, पोटॅशियम उतरू दे."