लॉरी बेकर : विटांतून घरे आणि चर्च घडविणारा वास्तुविशारद

लॉरी बेकर (२ मार्च १९१७–१ एप्रिल २००७) हे जन्माने इंग्रज, पण कर्तृत्वाने केरळचे झालेले वास्तुविशारद. त्यांचे शिक्षण बर्मिंगहॅम येथे झाले. तरुणपणी त्यांनी साधेपणाचा आग्रह धरणारा क्वेकर पंथ स्वीकारला. दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतताना जहाजाच्या प्रतीक्षेत ते मुंबईत अडकले. तेथेच त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. घराचे साहित्य पाच मैलांच्या परिसरातले असावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी जन्मभर प्रमाण मानला.

१९४५ मध्ये कुष्ठरोग्यांच्या संस्थेसाठी ते भारतात आले. १९४८ मध्ये डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे हे दांपत्य सुमारे दीड दशक हिमालयातील पिथोरागढला राहिले. डोंगरातील दगडमातीच्या घरांनी बेकरांना जे शिकविले, ते महाविद्यालयात मिळाले नव्हते.

त्यांची कीर्ती मात्र केरळातली, विशेषतः १९७० नंतर तिरुवनंतपुरम येथे उभारलेल्या वास्तूंची. विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची 'रॅट-ट्रॅप' पद्धत त्यांनी रूढ केली. तिच्यामुळे सुमारे चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीतील हवेने घर थंड राहते. स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटऐवजी जुनी मंगळुरी कौले घालून त्यांनी सिमेंट आणि लोखंड वाचविले. गिलावा तर त्यांना अनावश्यकच वाटे.

लोयोला चॅपेल हे या विचाराचे उत्तम उदाहरण. उंच भिंतीला बळकटी देण्यासाठी लोखंडाचा आधार न घेता त्यांनी दुहेरी भिंत उभारली आणि दोन्ही भिंती आडव्या विटांनी जोडल्या. भिंतींतील जाळ्यांतून झिरपणारा मंद प्रकाश हाच तेथील अलंकार. तिरुवल्ला येथील सेंट जॉन्स कॅथेड्रलही त्यांचेच. बेकर नकाशावर थांबत नसत. जागेवर जाऊन गवंड्यांसोबत काम करीत आणि वाटेतले झाड वाचविण्यासाठी भिंतच वळवीत.

पूंथुरा येथील मच्छीमारांसाठीही त्यांनी घरे बांधली. तरी गरिबासाठी घडविलेली ही शैली पुढे सुशिक्षित मध्यमवर्गाच्या अभिरुचीची खूण ठरली. गरिबाला मात्र उघडी वीट अपुऱ्या घराचे लक्षण वाटत राहिली. हे शल्य तंत्राने दूर होण्यासारखे नव्हते.

१९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधीच त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले होते. नालांचिरा येथील खडकाळ उतारावर, मोडीत निघालेल्या साहित्याचाही वापर करून बांधलेल्या 'द हॅम्लेट' या घरात ते अखेरपर्यंत राहिले.