वाटाण्याचा वेल आणि बेहाल्याची माती

मराठीत एखाद्याची विनंती झिडकारली, म्हणजे त्यास 'वाटाण्याच्या अक्षता लावल्या' असे आपण म्हणतो. तांदळाची अक्षत कपाळी चिकटून राहते. वाटाणा घरंगळून जातो. या एका वाक्प्रचाराने वाटाण्याच्या नावाशी न टिकण्याचा, न ठरण्याचा भाव कायमचा जोडला गेला. त्याचा दाणा घरंगळतो हे खरेच. पण त्याचा वेल मात्र हाती आलेला आधार सहसा सोडीत नाही. कलकत्त्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या बेहाल्यासारख्या उपनगरात हिवाळ्याच्या तोंडावर परसात दोन ओळी वाटाणा लावणारा गृहस्थ एका फार जुन्या आणि दूरवर पसरलेल्या इतिहासाचे शेवटचे पान लिहीत असतो. त्या इतिहासात आपल्या मराठी भाषेचाही एक धागा गुंतलेला आहे.

वाटाणा या देशास नवा नाही. नर्मदेच्या काठी, अहिल्याबाईंच्या महेश्वरासमोर, नावडातोली येथे डॉ. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनी १९५० नंतरच्या दशकात जे उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या धान्यात मसूर, उडीद, मूग यांच्याबरोबर वाटाणाही मिळाला. अमरकोशात त्यास कलाय, सतीनक, हरेणु अशी नावे आहेत. यांतील 'कलाय' बंगालीत 'कलाई' होऊन एकंदर कडधान्यांचा वाचक झाला, आणि हिरव्या वाटाण्याच्या शेंगेस बंगाली घरात आजही 'कडाईशुंटी' म्हणतात. हिवाळ्यात तिचे सारण भरून केलेली कचोरी हा तेथील गृहिणींच्या अभिमानाचा विषय आहे.

परंतु या प्राचीन वाटाण्याचे स्थान शेतात होते, परसात नव्हते. तो वाळवून, भरडून, डाळ करून खाण्याचे धान्य होता. दाणा हिरवा व कोवळा असतानाच खाण्यासाठी खास गोड जाती निर्माण करण्याचा उद्योग मुख्यतः युरोपात झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस चौदाव्या लुईच्या दरबारात हिरव्या वाटाण्याचे वेड इतके पसरले होते की तत्कालीन पत्रांतूनही त्याचा उल्लेख येतो. इंग्लंडात टॉमस अँड्र्यू नाइट याने १७९९ साली वाटाण्याच्या संकरावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. बागेतला गोड वाटाणा बंगालमध्ये आला तो या परंपरेतून, समुद्रमार्गे, बियाण्याच्या पिशव्यांतून.

या पिशव्या आतुरतेने मागविणाऱ्यांत एक नाव मराठी वाचकास परके नाही. ते म्हणजे विल्यम कॅरी. मूळचा हा चांभारकाम करणारा इंग्रज १७९३ साली बंगालमध्ये आला आणि पुढील वर्षी मालदा भागातील मदनावती येथे निळीच्या कारखान्याचा व्यवस्थापक झाला. तेथूनच त्याने स्वदेशी लिहून विळे, कोयते आणि दरवर्षी बागेची बियाणी पाठविण्याची मागणी केली. १८०० साली तो श्रीरामपुरास स्थायिक झाला आणि तेथे त्याने आपली प्रसिद्ध बाग लावली. पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली व संस्कृत यांबरोबर तो मराठीही शिकवू लागला. १८०५ साली त्याचे मराठी व्याकरण निघाले, १८१० साली मोडी टायपात छापलेला मराठी कोश. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने 'सिंहासनबत्तिशी' १८१४ साली, 'हितोपदेश' १८१५ साली आणि 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' १८१६ साली श्रीरामपुरी छापले गेले. त्याच १८१६ साली 'रघुजी भोसल्यांची वंशावळी'ही तेथूनच प्रसिद्ध झाली. ज्या भोसल्यांच्या स्वारांनी १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे बंगाल उद्ध्वस्त केला, ज्यांच्या धास्तीने कलकत्तेकरांनी मराठा खंदक खोदावयास घेतला, त्यांचीच वंशावळ तीन पिढ्यांच्या आत बंगालच्या छापखान्यात मराठीतून छापली जावी, हा इतिहासाचा एक चमत्कारच मानावा लागेल.

येथे बेहाल्याचा संबंध येतो. बेहाल्याच्या बडिशा भागातील सावर्ण रायचौधुरी घराण्याकडूनच १६९८ साली ईस्ट इंडिया कंपनीने सुतानुटी, गोविंदपूर व कलिकाता या तीन गावांचे हक्क १३०० रुपयांस मिळविले. या घराण्याचा मूळ पुरुष लक्ष्मीकांत हा जेसोरच्या राजा प्रतापादित्याच्या पदरी होता, असे परंपरा सांगते. म्हणजे मराठी गद्याच्या आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी एकाचा नायक हा बेहाल्याच्या जमीनदारांचा जुना धनी होय. नागपूर, श्रीरामपूर आणि बडिशा हे त्रिकोण नकाशावर कोणी काढीत नाही. पण तो आहे.

१८२० साली कॅरीच्या पुढाकाराने कलकत्त्यात कृषी व उद्यान संस्था स्थापन झाली. तिच्या कार्यात राधाकांत देव, रामकमल सेन यांच्यासारखे बंगाली विद्वान सहभागी झाले. 'आलालेर घरेर दुलाल' लिहिणाऱ्या प्यारीचाँद मित्रांचाही तिच्याशी निकटचा संबंध होता, आणि त्यांनी 'कृषिपाठ' हे पुस्तकही लिहिले. संस्थेची बाग आज अलिपुरात, बेहाल्याच्या उत्तरेच्या वेशीजवळच म्हणता येईल अशा ठिकाणी आहे. युरोप, अमेरिका व केप येथून भाजीपाल्याची बियाणी मागवून ती सभासदांस वाटणे, हे या संस्थेचे आरंभीचे एक मुख्य काम होते.

दरवर्षी बियाणे परदेशातून का मागवावे लागे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. वाटाण्याचे फूल उमलण्यापूर्वीच त्याचे स्वपरागण झालेले असते. त्यामुळे घरी धरलेले बी जातीस सहसा इमान राखते. मग अडचण कोणती? अडचण पावसाळ्याची. बंगालमध्ये शेंगा फाल्गुनात वाळतात आणि पुन्हा पेरणी कार्तिकाशिवाय होत नाही. मधल्या चार महिन्यांची दमट हवा दाण्यात शिरते. त्यास बुरशी व भुंगेरा लागतो आणि त्याची उगवण्याची शक्ती मावळते. उलट विलायतेहून येणारे बीही केपच्या वाटेने पाच-सहा महिने जहाजाच्या पोटात कोंडलेले असे, आणि उष्ण कटिबंध दोनदा ओलांडताना त्यातले पुष्कळसे मरून जाई. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटी वाढल्या, आणि हा प्रवास आठवड्यांवर आला. त्यानंतरच विलायती वाटाणा कलकत्त्याच्या उपनगरांतील साध्या परसापर्यंत पोहोचणे सुकर झाले.

आता आधाराविषयी. वाटाण्याचे खोड पोकळ व दुबळे असते. त्याच्या संयुक्त पानाच्या टोकाकडील पर्णिकांचेच तंतूंत रूपांतर झालेले असते, आणि हे तंतू हवेत सावकाश फिरून आधार शोधतात. चार्ल्स डार्विनने आरोही वनस्पतींवरील आपला प्रबंध १८६५ साली प्रसिद्ध केला, त्यात तंतूंच्या या चाचपण्याचे सूक्ष्म वर्णन आहे. तंतू बारीक काडीस चटकन वेढा घालतो. परंतु जाड बांबूस त्याचा विळखा पुरत नाही. जाड दांडे रोवून वेल वर का जात नाही म्हणून हळहळणाऱ्यास हे एवढेच सांगणे पुरेसे आहे. वाटाण्यास खांब नको, फांद्या हव्यात.

या बाबतीत प्रत्येक प्रांताने आपल्या मातीतूनच उत्तर काढले. बंगालमध्ये बांबूच्या बारीक फांद्या, ज्यांस 'कंचि' म्हणतात, त्या ओळीच्या दोन्ही बाजूंनी तिरप्या रोवतात. कोठे ताग सोलल्यावर उरलेल्या काड्या, 'पाटकाठी', उपयोगी पडतात. महाराष्ट्रात हेच काम तुराट्या व पऱ्हाट्या करतात. एका पिकाची उरलेली काडी दुसऱ्या पिकाचा आधार व्हावी, ही शेतकऱ्याची काटकसर दोन्हीकडे सारखीच. आधार वेल वीतभर होण्यापूर्वीच द्यावा. एकदा वेल एकमेकांत गुंतून जमिनीवर लोळले, की त्यांना उचलताना खोडे मोडतात आणि ओलसर मातीवर पडलेल्या शेंगा कुजतात. उभ्या वेलात वारा खेळतो, त्यामुळे कुजीचा उपद्रव कमी होतो आणि शेंगा तोडणेही सोपे जाते. गाळाच्या चिकण मातीत, जेथे पाणी चटकन निचरत नाही, तेथे सपाट वाफ्याऐवजी उंच वरंब्यावर पेरणी करणे हिताचे. बेहाल्याची सखल जमीन अशीच आहे, आणि तिच्या पाणी तुंबण्याची कथा कलकत्तेकरांस सांगावयास नको.

आधार दिलेल्या वाटाण्याने जगास एक मोठी विद्याही दिली. ब्र्यून येथील मठाच्या लहानशा बागेत ग्रेगोर मेंडेल याने १८५६ ते १८६३ या काळात सुमारे २८,००० रोपे तपासली. ती काठ्या, झाडांच्या फांद्या आणि ताणलेल्या दोऱ्या यांच्या साहाय्याने उभी ठेवली होती, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे. त्याने तुलनेस घेतलेल्या सात लक्षणांपैकी एक खोडाची उंची हे होते. सहासात फूट वाढणारा वेल आणि दीड फुटाच्या आत राहणारे झुडूप यांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सर्व संतती उंच निघाली आणि दुसऱ्या पिढीत सुमारे एकचतुर्थांश रोपे पुन्हा ठेंगणी आली. हा निबंध १८६६ साली छापला गेला आणि १९०० सालापर्यंत जवळजवळ कोणी त्याची दखल घेतली नाही. विद्वज्जगाने चौतीस वर्षे त्यास वाटाण्याच्या अक्षताच लावल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे बाजाराने निर्णय दिला तो ठेंगण्या वाटाण्याच्या बाजूने. आर्केल, बोनव्हिल यांसारख्या परदेशी जाती भारतात रुळल्या. ठेंगण्या जातीस फारसा आधार लागत नाही, मजुरी वाचते, शेंगा लवकर येतात. पुरंदर तालुक्यातील शेतकरी तर पावसाळ्यात, थंड हवेच्या जोरावर, वाटाणा पिकवून पुण्याच्या बाजारात आणतो. शेतीच्या दृष्टीने यात गैर काही नाही. परंतु परसातला उंच वेल हे निराळे धन आहे. तो थोड्या जागेत वर जातो, घरातल्या माणसास दररोज मूठमूठ शेंगा देतो, आणि त्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र बांधून मातीही समृद्ध करतात. म्हणूनच हंगाम संपल्यावर वेल उपटू नये. बुडाशी कापून मुळे जमिनीतच राहू द्यावीत.

परसबाग ही केवळ हौस नव्हे, हे बंगालला इतिहासाने कठोरपणे शिकविले आहे. जेम्स लाँग या धर्मोपदेशकाचे कार्य बेहाल्याच्या दक्षिणेस ठाकुरपुकुर येथे चालत असे. 'नीलदर्पण' या नाटकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल १८६१ साली त्यास एक महिन्याचा कारावास व हजार रुपये दंड झाला. कालीप्रसन्न सिंह यांनी तो दंड तेथल्या तेथे भरला. त्या नाटकाचा गाभा एकच होता: स्वतःच्या जमिनीत काय पेरावे हे ठरविण्याचा रयतेचा हक्क. निळीच्या बागायतदाराने तो हिरावून घेतला होता. कॅरीने निळीच्या कारखान्यात उमेदवारी केली आणि अखेर भाजीपाल्याच्या बियाण्याकडे तो वळला. त्याच्या आयुष्यात या दोन शेतींची जणू दोन टोके दिसतात. १९४३ च्या दुष्काळाने हाच धडा आणखी भयंकर रीतीने दिला. १९४७ नंतर पूर्व बंगालातून येऊन बेहाल्यात वसाहती करणाऱ्या निर्वासितांनी घराभोवतीच्या हातभर जमिनीत भोपळा, घेवडा, वाटाणा लावला, त्यामागे चवीइतकीच ही आठवणही असली पाहिजे.

आज जेम्स लाँग सरणी हा रस्ता ज्या पट्ट्यावरून जातो, तेथून १९१७ ते १९५७ पर्यंत कालीघाट–फलता ही अरुंद रुळांची गाडी धावत असे. १९८४ साली बेहाला कलकत्ता महानगरपालिकेत सामील झाला. २०२२ च्या अखेरीस जोका ते तारातला मेट्रो सुरू झाली. तळी बुजली, बागांच्या जागी इमारती उठल्या, आणि परस अनेक ठिकाणी गच्चीवरील कुंड्यांत चढला. कुंडीतही वाटाणा येतो. फुटभर खोल माती, सकाळचे ऊन आणि चार कंचि एवढ्यावर तो समाधान मानतो.

श्रीरामपूरच्या बागेत ज्यांनी वाफे खणले, अलिपुरात ज्यांनी बियाणी मोजून पुड्या बांधल्या, त्या माळ्यांपैकी बहुतेकांची नावे इतिहासात राहिली नाहीत. वैजनाथ पंडितांचे नाव तरी मराठी गद्याच्या इतिहासात तळटिपेपुरते उरले. कॅरीचे यश ज्या काड्यांवर चढले, त्या या होत्या. वेलाची उंची मोजताना काडी मोजण्याची पद्धत नाही. परंतु परप्रांतात राहून आपली भाषा जोपासणाऱ्यांनी तरी ती मोजावी. आपले एक आरंभीचे मराठी व्याकरण आणि आपला एक आरंभीचा छापील कोश परक्या मातीत, परक्यांच्या आधाराने वर आले. त्या ऋणाची फेड ग्रंथांनी होईल तेव्हा होवो. शेजाऱ्याच्या कुंपणातून आलेल्या वेलास एक काडी रोवून देण्याने तिचा आरंभ करता येतो.