पितृदिन

पितृदिन : पित्याविषयी कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी पाळण्यात येणारा दिवस. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो जूनच्या तिसऱ्या रविवारी साजरा होतो व तेथूनच तो भारतासह अनेक देशांत पसरला.

त्याचा पहिला ज्ञात प्रसंग एका खाण-दुर्घटनेशी निगडित आहे. ६ डिसेंबर १९०७ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मोनोंगा येथील कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन, अधिकृत गणनेप्रमाणे, ३६२ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत इटालियन व पोलिश स्थलांतरितांचा भरणा मोठा होता. सुमारे एक हजार मुले पितृछत्राला मुकली. ग्रेस गोल्डन क्लेटन या महिलेच्या सूचनेवरून ५ जुलै १९०८ रोजी शेजारच्या फेअरमाँट येथील मेथडिस्ट चर्चमध्ये पित्यांच्या सन्मानार्थ खास उपासना झाली. तथापि आदल्याच दिवशीच्या स्वातंत्र्यदिनाच्या धामधुमीत ती झाकोळून गेली व पुढे अनेक वर्षे विस्मृतीत राहिली.

रूढ झालेल्या पितृदिनाचे श्रेय वॉशिंग्टन राज्यातील स्पोकॅन येथील सोनोरा स्मार्ट डॉड (१८८२–१९७८) यांच्याकडे जाते. त्यांचे वडील विल्यम जॅक्सन स्मार्ट हे यादवी युद्धातील सैनिक. पत्नी बाळंतपणात वारल्यावर (१८९८) त्यांनी सहा मुलांचा एकट्याने सांभाळ केला. १९०९ मध्ये मातृदिनाचे प्रवचन ऐकताना सोनोरा यांना पितृदिनाची कल्पना सुचली. ५ जून, म्हणजे वडिलांचा जन्मदिन, हा दिवस त्यांना हवा होता. परंतु धर्मोपदेशकांना प्रवचनांच्या तयारीस अवधी हवा असल्याने १९ जून १९१० हा दिवस मुक्रर झाला. तिसऱ्या रविवारचा प्रघात असा निव्वळ सोयीतून पडला.

मातृदिन १९०८ मध्ये सुरू होऊन १९१४ मध्येच राष्ट्रीय पातळीवर मान्य झाला. पितृदिनाला मात्र बासष्ट वर्षे लागली. वडिलांच्याच पैशाने वडिलांना भेट, अशी त्याची वृत्तपत्रांतून थट्टा होई. पुरुषांच्या कपड्यांच्या विक्रेत्यांनी १९३८ मध्ये त्याच्या प्रचारार्थ मंडळ स्थापन केल्याने व्यापारी क्लृप्तीचा संशय बळावला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. १९२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी दिवसाला अनुकूलता दर्शविली, पण अधिकृत घोषणा केली नाही. मातापित्यांपैकी एकाचाच गौरव करून काँग्रेसने पित्याची उपेक्षा केली, असे सिनेटर मार्गारेट चेस स्मिथ यांनी १९५७ मध्ये सुनावले. पुढे जॉन्सन यांनी घोषणापत्र काढले (१९६६) व निक्सन यांच्या स्वाक्षरीने कायदा झाला (१९७२). तो पाहण्यास नव्वद वर्षांच्या सोनोरा हयात होत्या.

कॅथलिक परंपरेच्या स्पेन, इटली, पोर्तुगाल या देशांत मात्र संत जोसेफ यांच्या सणाला, १९ मार्च रोजी, पितृदिन असतो. जर्मनीत तो येशूच्या स्वर्गारोहणदिनी येतो व त्या दिवशी पुरुषांच्या टोळ्या मद्यासह सहलीस निघतात. नेपाळात ‘कुशे औंसी’ या अमावास्येस हयात पित्याला गोडधोड देतात व दिवंगत पित्याचे श्राद्ध करतात. हीच तिथी महाराष्ट्रात पिठोरी अमावास्या असून येथे ती मातृदिन म्हणून पाळली जाते.