बिऱ्हाडाची फरशी

अकोल्याच्या जुन्या शहरात भाड्याच्या खोलीला खाली काय घालायचं, हा प्रश्न जितका पैशाचा तितकाच मातीचा. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुनी माणसं शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणत, ते उगाच नाही. काळीवर घर बांधलंच तर आधी मुरूम भरून, पाणी मारून चोपायचा.

त्यावर शेणाचं सारवण. ते फुकटचं, असं आपण म्हणतो. फुकट होतं ते मालकाला. शेण कालवून, उकिडवं बसून सारवणारी बाई बिऱ्हाडकरूच्या घरची. तिची मजुरी कुठल्या भाडेपावतीत आली?

पुढे रेल्वेनं गुलबर्ग्याकडची शहाबादी आणणं सोपं केलं. या दगडाचा खरा गुण मजबुतीपेक्षा निराळा आहे. मातीनं एखादी फरशी उचलली, तर तेवढीच काढायची, खालचा मुरूम सारखा करायचा, तीच परत बसवायची.

पण हे करायचं कुणी? १९४९च्या सी. पी. अँड बेरार भाडेनियंत्रण आदेशानं बिऱ्हाडकरूला डोक्यावरचं छप्पर टिकवून दिलं. मालकाला भाडं वाढवणं आणि घर रिकामं करून घेणं अवघड झालं. जुन्या भाड्यात डागडुजी परवडेना. मग उखडलेल्या फरशीवर बिऱ्हाडकरूनंच प्लास्टिकची शीट अंथरली, कुणी कार्पेट चिकटवलं. खाली ओल तशीच.

३१ मार्च २०००पासून महाराष्ट्राचा नवा भाडे कायदा आला. मालकानं नोटिशीनंतरही दुरुस्ती केली नाही, तर बिऱ्हाडकरूनं ती करून खर्च भाड्यातून कापावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. महिना शंभर रुपये भाडं असेल तर हे होतात तीनशे. एवढ्यात मिस्त्री दारातही उभा राहत नाही.

आमच्या वाड्यातल्या भाड्याच्या खोलीतलं कार्पेट आता काढायचं आहे. मिस्त्री व्हिट्रिफाइड टाइल म्हणतो. वरच्या मजल्यावर जरूर घालावी. तळमजल्यावर जमीन हलली की ती तडकते, आणि चार वर्षांनी त्याच रंगाची मिळत नाही. शहाबादी तेल पिते, लिंबाचे डाग धरते, हे मान्य; म्हणून स्वयंपाकाच्या कोपऱ्यात घोटलेला कोटा. बाकी शहाबादीच, आणि दहा फरश्या जास्तीच्या, परसात भिंतीला टेकवून.