कुत्र्याच्या नावे जमा

सातारा जिल्ह्यात स्वतःच्या औषधपाण्याचा खर्च स्वतः सोसू शकेल असा कुत्रा, माझ्या माहितीत तरी, एकच होऊन गेला. तो छत्रपती शाहूमहाराजांचा. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून महाराजांनी त्याला जहागीर लावून दिली, पालखीचा मान दिला, असं ग्रँट डफने लिहून ठेवलंय. एकदा तर महाराजांनी त्याला भरजरी कपडे आणि दागिने घालून भर दरबारात आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. ग्रँट डफसाहेबाला हा सगळा चक्रमपणा वाटला. साहेब आजारी कुत्र्यासाठी दारोदार वर्गणी मागत कधी फिरला नसावा. संगम माहुलीला त्या कुत्र्याची समाधी आजही दाखवतात. १७४९ साली महाराज गेले, आणि आमच्याकडचा कुत्रा बिनउत्पन्नाचा झाला तो कायमचाच.

मुंबईच्या कुत्र्यांचं दैव जरा बरं. तिथे आधी वाईट दिवस आले. बेवारशी कुत्री मारायचा सरकारी हुकूम होता आणि शिपायाला दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. एवढा रोख व्यवहार म्हटल्यावर शिपाई मालकाची कुत्रीसुद्धा बेवारशी ठरवू लागले. ६ जून १८३२ रोजी पारशी मंडळी त्यांच्यावर धावून गेली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद, आणि फोर्टातल्या गोऱ्या सोल्जरांची रसदही अडली. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभाई, मोतीचंद अमीचंद वगैरे व्यापाऱ्यांनी पांजरपोळ काढली आणि तिच्या खर्चासाठी आपल्याच व्यापारावर लागा बसवून घेतला. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मला दंगलीपेक्षा या लाग्याचं कौतुक जास्त. दंगल दोन दिवसांत थंड होते. लागा मात्र माल हलला की जमा होतो. १८८३ मध्ये दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावाने परळला जनावरांचं इस्पितळ उभं केलं. ते अजून चालू आहे.

हे सारं मुंबईत. घाट चढून माणदेशात येईपर्यंत दयेला धाप लागते. शिवाय इथे पाऊस कमी, त्यामुळे पहिली काळजी दुभत्या जनावराची. त्यात चूकही काही नाही. म्हसवडला २०१२च्या दुष्काळात माणदेशी फाउंडेशनने चारा छावणी उघडली, तेव्हा हजारो जनावरं दावणीला आली. अशा छावण्यांत सरकारी हिशोब दोनच सदरांत मांडतात : मोठं जनावर आणि लहान जनावर. लहान म्हणजे वासरू. मालकामागून चालत आलेला कुत्रा कुठल्याच सदरात बसत नाही. बँकेतही तेच. म्हशीला कर्ज आहे, शेळीला आहे, कोंबडीलाही आहे. कुत्रा रात्रभर त्या तिघींची राखण करतो, पण त्याच्यासाठी अर्जच छापलेला नाही. उद्देश काय लिहिणार? तारण काय? परतफेडीची क्षमता? शेपूट हलवणे.

हे सगळं मला सुचलं ते २०२४ च्या पावसाळ्यात, आमच्या गल्लीतल्या मोत्याला गोचीड ताप झाला तेव्हा. मेंढरांचा मुलूख, गोचिडांना तोटा नाही. गोचीड चावते, रक्तात जंतू सोडते, आणि ताप येऊन कुत्र्याचं रक्त कमी होत जातं. मोत्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या. तपासणी, सलाईन आणि ऐंशी-नव्वद किलोमीटरवरच्या साताऱ्याला जायची जीप, असा अंदाज चार हजारांवर गेला. मोत्या कुणा एकाचा नव्हता, त्यामुळे बिलही कुणा एकाचं नव्हतं. मी वही घेऊन निघालो.

"आवं सायेब, कुत्र्याला कसली वर्गणी?" पहिल्याच दारात सलामी मिळाली. नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले ही गोष्ट कीर्तनात ऐकताना याच गृहस्थांचे डोळे भरून येतात, हे मी पाहिलेलं. पण कीर्तनातल्या कुत्र्याला सलाईन लागत नाही. शेवटी मी सिद्धनाथाला मध्ये घातलं. मार्गशीर्षातल्या रथाला इथे प्रत्येकाचा हात सैल सुटतो. सिद्धनाथ म्हणजे भैरवाचं रूप असं भाविक मानतात, आणि भैरवाचं वाहन कोण? एवढं विचारून मी गप्प राहत असे. यावर तीन घरांनी पन्नास-पन्नास दिले आणि एका आजींनी, "नाथाचं नाव कशात बी घालू नगा," असं खडसावून शंभर दिले.

तेवढ्यात कुणीतरी मोबाईल पुढे केला. जून २०२४ मध्ये खुद्द रतन टाटांनी मुंबईकरांना मदत मागितली होती. सात महिन्यांचा कुत्रा, गोचीड तापाची शंका, रक्त फार कमी झालेलं. रक्त देऊ शकेल असा दुसरा कुत्रा हवा! म्हणजे आजारसुद्धा आमच्याच मोत्याचा. टाटा ट्रस्ट्सचं महालक्ष्मीचं १६५ कोटींचं प्राण्यांचं इस्पितळ त्याच सुमाराला सुरू होत होतं. १६५ कोटी असूनही माणसाला विचारावं लागतंच, हे वाचून वही हातात धरायची माझी लाज निम्मी कमी झाली. शेजारच्या वाड्यावरचे धनगर मामा ते ऐकून म्हणाले, "पैका न्हाय माझ्याकडं. पर माझं कुत्रं दांडगं हाय. रगत काढा त्याचं." आणि खरंच ते दांडगं कुत्रं जीपमध्ये चढवलं.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रक्त भरायची वेळ अजून आलेली नाही. सलाईन आणि चार आठवडे गोळ्या. दांडगं कुत्रं पेढे खाऊन परत आलं. जमा ४,३६०, खर्च ४,२९५. शिल्लक पासष्ट रुपये वहीत आहेत, त्यात गोचिडाची पावडर येईल.

जहागीरदार कुत्र्याला धनी एकच होता. मोत्याला आता एकतीस वर्गणीदार आहेत, आणि दहा रुपये देणारासुद्धा रोज सकाळी विचारतो, "गोळी दिली का?" मोत्या बरा झाल्यावर पहिल्या दिवशी एकतिसांपैकी निदान सातांवर भुंकला. त्यातल्या एकाने तर पैसे दिल्याचं त्याला ओरडून सांगितलंही.