अब्राहामाचे घराणे आणि आपली मराठी

२०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला. त्याआधीच्या बैठकीत एक तरुण कार्यकर्ता जरा तावातावानेच म्हणाला, "यांचा सण नेमका आपल्या विसर्जनालाच कसा येतो?" कुणी उत्तर दिले नाही. मीही नाही. सगळा जन्म खडेबाजारात गेला. शुक्रवारी दुपारी शेजारच्या दुकानाचे शटर अर्धे खाली येते आणि तासाभराने परत वर जाते हे रोज सूर्य उगवावा तितक्या सहज पाहत आलो. रविवारी कॅम्पातले ख्रिस्ती ओळखीचे लोक चर्चला जाऊन मग भाजीला येतात तेही पाहिले. पण असे का, हे कधी विचारले नाही. त्या बैठकीनंतर घरी येऊन पंचांग उघडले आणि त्या एका प्रश्नामागे लागता लागता पुढची दोन वर्षे वाचनात गेली. त्यातले थोडे इथे मांडतो.

आधी तरुण मित्राचे उत्तर. आपले महिने चंद्रावर चालतात. बारा चांद्रमास म्हणजे सुमारे ३५४ दिवस, सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवस कमी. ती तूट आपण अधिक महिना घालून भरून काढतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून गणपती १९ सप्टेंबरला बसले. मुसलमानांचे महिनेही चंद्राचेच, पण त्यांच्यात अधिक महिना नाही. इस्लामपूर्व अरबस्तानात महिने मागेपुढे सरकवण्याची चाल होती, ती कुराणाने बंद केली. त्यामुळे त्यांचे सण दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येतात आणि साधारण बत्तीस-तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतात. तेव्हा ईद आपल्या विसर्जनावर आली, यात कुणाचा डाव नव्हता. चंद्राचा हिशेब होता. मुंबईत त्या वर्षी मुस्लिम समाजाने मिरवणूक आपण होऊन २९ तारखेला नेली, आणखीही अनेक गावांत असेच झाले.

मला मात्र पुढची गोष्ट जास्त गमतीची वाटली. ज्या अमावास्येनंतर आपला भाद्रपद लागला, त्याच अमावास्येनंतर ज्यू लोकांचा तिश्री महिना लागला. १६ सप्टेंबर २०२३ ला आपली भाद्रपद प्रतिपदा आणि त्यांचा वर्षारंभ, रोश हशाना. ज्यूंचे महिने चांद्र आहेत आणि ते आपल्यासारखाच अधिक महिना घालतात, एकोणीस वर्षांत सात वेळा. कारण त्यांच्या धर्मग्रंथाची आज्ञा अशी की मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याचा सण, म्हणजे वल्हांडण, वसंतातच आला पाहिजे. येशूला क्रुसावर दिले ते याच वल्हांडणाच्या दिवसांत. म्हणून ख्रिस्ती लोक एरवी सूर्याच्या कॅलेंडरवर चालत असले, तरी त्यांचा ईस्टर अजून चंद्र बघून ठरतो : वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणजे तीन धर्मांचे नाते त्यांच्या पंचांगातच लिहून ठेवलेले आहे.

आणि आठवड्यातही. शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्मिली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून माणसानेही त्या दिवशी काम करायचे नाही. ख्रिस्ती लोकांनी तो मान रविवारला दिला, कारण येशू मेलेल्यांतून उठला तो रविवारी. इस्लामने शुक्रवार घेतला, पण विसाव्याचा दिवस म्हणून नव्हे. कुराणाचे म्हणणे असे की सृष्टी निर्मून देव थकला वगैरे काही नाही, मग विसावा कसला? दुपारच्या सामुदायिक नमाजाला हाक आली की व्यवहार थांबवा, नमाज झाली की पांगा आणि आपापली कमाई शोधा. शेजारचे शटर तासाभराने पुन्हा वर का जाते, ते मला या वयात कळले.

तिन्ही धर्म आपले मूळ एकाच माणसापर्यंत नेतात. ज्यू त्याला अव्राहाम म्हणतात, ख्रिस्ती अब्राहाम, मुसलमान इब्राहिम. मूर्तिपूजकांच्या देशातून तो एका अदृश्य देवाच्या शब्दावर घर सोडून निघाला, ही कथा तिघांची. त्याला दोन मुलगे. दासी हागारचा इश्माएल मोठा, पत्नी सारेचा इसहाक धाकटा. ज्यू स्वतःला इसहाकाचे वंशज मानतात, अरब इश्माएलाचे. देवाने मुलाचा बळी मागितला आणि सुरी उचलल्यावर मुलाच्या जागी मेंढा दिला, ही कथाही तिघांची. ज्यूंच्या ग्रंथात तो मुलगा इसहाक. कुराणात नाव नाही, पण मुसलमानांत बहुतेक जण तो इस्माईल मानतात आणि बकरी ईद त्याची आठवण. ख्रिस्ती लोक त्याच कथेत पुढे येणाऱ्या येशूच्या बलिदानाची चाहूल पाहतात. आपल्याकडे वाटणीवरून भांडलेल्या भावकीत कुलदैवत एक आणि मानाचा नारळ कुणाचा यावरून वाद असतो, तसे काहीसे हे आहे.

खरी गाठ मात्र येशूपाशी आहे. येशू ज्यू म्हणून जन्मला, ज्यू म्हणून वाढला, त्याचे पहिले शिष्यही ज्यूच. ज्यू एका अभिषिक्त राजाची, मसीहाची, वाट पाहत होते. त्याने येऊन जगात न्याय आणि शांती आणायची. येशू क्रुसावर गेला, रोमन राज्य तसेच राहिले आणि इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिरही पाडले. मग हा मसीहा कसा, असे ज्यू म्हणतात आणि अजून वाट पाहतात. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की तो मसीहाच, आणि त्याहून अधिक, देवाचा पुत्र. आदामाच्या पापाचा वारसा माणसाला लागला, तो फेडण्यासाठी देव स्वतः माणूस झाला. इसवी सन ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मसभेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या त्रैक्याची पक्की मांडणी तिथून होत गेली. अवतार ऐकत वाढलेल्या आपल्याला यात धक्का बसण्यासारखे काही नाही. पण ज्यूला आणि मुसलमानाला इथेच थांबावे लागते. दोघांच्याही मते देव एक, त्याला पुत्र नाही. वाडवडिलांचे पाप जन्मतः अंगावर येते, हेही दोघे मानत नाहीत.

इथे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट. मुसलमान येशूला नाकारत नाहीत. ईसा हा त्यांचा मोठा पैगंबर आहे. कुमारी मरियमच्या पोटी त्याचा जन्म झाला हे कुराण सांगते, तिच्या नावाचा एक अध्यायच त्यात आहे, आणि ईसाला मसीहही म्हटले आहे. फक्त तो देवाचा पुत्र नाही आणि क्रुसावर मेला नाही, असे त्यांचे म्हणणे. इसवी सन ५७०च्या सुमारास मक्केत जन्मलेल्या महंमदांनी आपण नवा धर्म काढतो असे म्हटले नाही. इब्राहिम, मूसा, ईसा यांना सांगितलेलेच शेवटचे आणि शुद्ध सांगणे आपल्याकडून होत आहे, असे म्हटले. ६२२ मध्ये ते मदिनेला गेले, तेव्हा नमाज जेरुसलेमकडे तोंड करून होत असे. मक्केकडे तोंड वळले ते नंतर. पोथी पुढे चालू आहे की संपली, हा तिघांमधला वाद आहे.

हे सगळे दूरच्या वाळवंटातले, आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल. संबंध आपल्या भाषेत आहे.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांचे वंशज कोकणात तेलाच्या घाण्यावर जगू लागले, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. गावावरून आडनावे पडली : पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. जवळ ग्रंथ उरला नव्हता, हिब्रू विसरली होती. राहिले काय, तर शनिवार, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि देव एक आहे असे सांगणारी एक प्रार्थना. दावीद राहाबी नावाच्या ज्यू प्रवाशाने त्यांची परीक्षा घेतली म्हणतात. बायकांपुढे मासळी टाकली, तर त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे वेगळे काढले. ज्यू धर्मशास्त्र नेमके हेच सांगते. पोथी गेली तरी धर्म चुलीपाशी टिकला होता.

त्यांच्या सणांची नावे ऐका : नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण. बिरड्याचा सण हा जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक. तो कोकणात वालाच्या बिरड्याच्या नावाने ओळखला गेला! एलियाहू पैगंबराचा नवस फेडताना ते गूळ-खोबरे घातलेल्या पोह्यांचा मलिदा करतात. दर्ग्यावरही मलिदा हाच शब्द चालतो आणि एलियाहू हा मुसलमानांचाही पैगंबर आहे, इलियास. त्यांच्या धर्मकृत्ये चालवणाऱ्याला काझी म्हणत आणि प्रार्थनामंदिराला मशीद. मुंबईत सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ साली उभे राहिलेले त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर जुनी मशीद म्हणून ओळखले जाई. पुण्यात बगदादी ज्यू डेव्हिड ससून यांनी बांधलेल्या मंदिराला लोक लाल देऊळ म्हणतात. एकाच धर्माच्या घराला मुंबईत मशीद आणि पुण्यात देऊळ, आणि कुणाचे काही बिघडले नाही.

ती जुनी मशीद बांधणारा सॅम्युएल दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होता आणि म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला. समाजात सांगतात ती कथा अशी की, टिपूच्या आईने त्याची जात विचारली, बेने इस्राएल हे उत्तर ऐकून ती म्हणाली, हे नाव तर कुराणात आहे, याला मारू नका. कथा कितपत खरी हा प्रश्न सोडा. पण बनी इस्राईल हे नाव कुराणात खरोखरच जागोजाग येते. ज्यूला मुसलमानाच्या ग्रंथाने वाचवले अशी आठवण एका मराठी घराण्याने पिढ्यान् पिढ्या जपावी, हे मला मोठे वाटते.

पुढे ख्रिस्ती मिशनऱ्यांनी या लोकांना त्यांचीच पोथी परत दिली. जुना करार मराठीत आला, जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी विद्या घेतली आणि धर्म बहुतेकांनी आपलाच ठेवला. १८८०च्या दशकात तर त्यांनी हरदासी थाटाची कीर्तने सुरू केली. आख्यान अब्राहामाचे किंवा मोशेचे, चाली ओवी-अभंगाच्या.

आपल्या घाटाखालचे गोवे मात्र वेगळे सांगते. तिथे १५७९ साली आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी शिकून 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राशोलला छापले गेले. अब्राहाम, मोशे आणि येशू यांची कथा अकरा हजारांच्या आसपास ओव्यांत! या मराठीवर जीव जडावा असेच ते काम आहे. पण तो काळ इन्क्विझिशनचा होता. १५६० मध्ये सुरू झालेल्या त्या धर्मन्यायालयाने गुप्तपणे ज्यू धर्म पाळणाऱ्यांना आधी धरले, मग आपल्या लोकांनाही. भारतातल्या औषधी वनस्पतींवर १५६३ साली ग्रंथ छापणारा वैद्य गार्सिया द ऑर्ता जन्माने ज्यू कुळातला. तो १५६८ साली वारला, पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळले आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून काढून जाळली. स्टीफन्स गोव्यात उतरल्याच्या दुसऱ्याच वर्षी. येशू स्वतः ज्यू होता, हे त्या न्यायाधीशांना ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे?

इस्लामही मराठीत बोलला. श्रीगोंद्याचे शेख महंमद जन्माने मुसलमान, त्यांचा 'योगसंग्राम' ओवीबद्ध आहे आणि वारकऱ्यांत त्यांना संताचा मान आहे. आपल्या बेळगावच्या किल्ल्यात १२०४ सालची कमल बस्ती आणि आदिलशाही सरदार असदखानाच्या काळातली साफा मशीद हाकेच्या अंतरावर उभ्या आहेत. लंडन मिशनरी सोसायटी इथे १८२० साली आली. बेननस्मिथ आणि सेंट पॉल्समध्ये शिकलेले लोक तर ही स्मरणिका वाचणाऱ्यांत कितीतरी निघतील. मीही त्यांतलाच, पण प्रार्थनेच्या वेळी डोळे किलकिले करून डब्याकडे बघण्यापलीकडे तेव्हा काही शिकलो नाही.

त्या तरुण मित्राला हे सगळे एकदा दुकानात बसवून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि एकच विचारले, "मग काका, पुन्हा एकत्र कधी येणार?" २०२४ आणि २०२५ साली ईद-ए-मिलाद आपल्या अनंत चतुर्दशीच्या अगदी आदल्या दिवशी होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्याने आपला गणपती पुढे जातो आणि दोन्ही सण महिन्याभराने लांब होतात. मागे १९९१ आणि १९९२ साली ते असेच एकमेकांना खेटून आले होते. तेव्हा मी मिरवणुकीत पुढे होतो आणि हे माझ्या लक्षातही आले नव्हते. आता पुन्हा योग येईल तो २०५६च्या आसपास. त्याने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "तेव्हा मी तुमच्याएवढा असेन."

पंचांग मी त्यालाच देऊन टाकले.