बारा जण आणि एक घोडा

आमच्या विल्मिंग्टनहून रेहोबोथच्या समुद्रकिनाऱ्याला जाताना वाटेत फ्रेडरिका नावाचं छोटंसं गाव लागतं. तिथे रस्त्यालगत एक जुनं विटांचं चर्च आहे, बॅरेट्स चॅपल, १७८० साली बांधलेलं. वर्षानुवर्षं मी त्याच्यासमोरून गेलो, पण थांबलो कधीच नाही. एका उन्हाळ्यात गाडी तापली म्हणून थांबावं लागलं, आणि वेळ काढायचा म्हणून आत गेलो.

आत जमिनीवर एक तारा बसवलाय. १४ नोव्हेंबर १७८४ रोजी फ्रान्सिस अ‍ॅस्बरी आणि इंग्लंडहून नुकताच आलेला थॉमस कोक यांची इथे गळाभेट झाली, त्या जागेची ती खूण. आता तुम्ही म्हणाल, दोन पाद्री भेटले, त्यात एवढं काय? मलाही तसंच वाटलं होतं. पण घरी येऊन वाचत गेलो आणि त्यात गुंतलो.

अमेरिका नुकतीच स्वतंत्र झाली होती. युद्धाच्या काळात इंग्लंडच्या चर्चचे बरेच पाद्री परत गेले होते. मेथॉडिस्ट पंथाचे लोक शेतांवर, जंगलाच्या कडेला विखुरलेले. त्यांना उपदेश करणारे होते, पण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन देण्याचा अधिकार असलेलं जवळपास कुणी नव्हतं. म्हणून इंग्लंडहून म्हाताऱ्या जॉन वेस्लीने कोकला पाठवलं. त्याच डिसेंबरात बाल्टिमोरला सभा भरली आणि अमेरिकेतलं स्वतंत्र मेथॉडिस्ट चर्च उभं राहिलं.

अ‍ॅस्बरी हा बर्मिंगहॅमजवळच्या एका माळ्याचा मुलगा. शाळा लहानपणीच सुटलेली. १७७१ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी इकडे आला तो कायमचाच. लग्न नाही, घर नाही. १८१६ साली मरेपर्यंत तो सुमारे २,७०,००० मैल फिरला असं सांगतात. इंजिनीअरची खोड, मी लगेच हिशेब केला. ४५ वर्षं रोज सरासरी २६ किलोमीटर, तेही बहुतेक घोड्यावर! पृथ्वीपासून चंद्रसुद्धा याहून जवळ आहे.

त्याच्या हाताखालचे उपदेशकही असेच. प्रत्येकाला एक 'सर्किट' नेमून दिलेलं. काही सर्किटं चारशे मैलांची, म्हणजे जवळजवळ पुणे ते नागपूर. तो फेरा पुरा करायला चार ते सहा आठवडे लागत. पगार वर्षाला ६४ डॉलर, आणि एक-दोन वर्षांनी बदली. हवा अगदी वाईट असली की लोक म्हणत, आज बाहेर फक्त कावळे आणि मेथॉडिस्ट उपदेशकच असणार!

अ‍ॅस्बरी आला तेव्हा इथे जेमतेम काहीशे मेथॉडिस्ट होते. तो गेला तेव्हा दोन लाखांवर. १८५० पर्यंत तो अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ झाला होता.

याचं श्रेय सगळे घोडेस्वारांना देतात. वॉशिंग्टनमध्ये अ‍ॅस्बरीचा घोड्यावरचा पुतळाही आहे. पण माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न आला. उपदेशक महिन्यातून एकदा येणार, मग मधल्या दिवसांत कुणाचं मूल गेलं, कुणी दारूच्या नादी लागलं, तर बघणार कोण?

याचं उत्तर इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉल शहरात सापडलं. १७४२ साली तिथल्या मेथॉडिस्टांवर इमारतीचं कर्ज होतं. एकाने युक्ती काढली. बारा-बारा जणांचे गट करा आणि प्रत्येकाकडून आठवड्याला एक पेनी घ्या. गरिबांची पेनी गटाचा प्रमुख स्वतः भरेल. आपल्या भिशीचीच चुलत बहीण म्हणा ना! पण पैसे गोळा करायला घरोघर जाणाऱ्या प्रमुखांना आत काय चाललंय ते दिसू लागलं. भांडणं, आजारपण, उपासमार. वेस्लीने ते ताडलं. वसुलीची व्यवस्था विचारपूस करण्याची व्यवस्था झाली. तिलाच 'क्लास' म्हणत. क्लासचा प्रमुख पाद्री नसे, गावातलाच कुणी शेतकरी किंवा सुतार असे. बायकाही असत. दर आठवड्याला तो प्रत्येकाला विचारायचा, 'कसं चाललंय?' उत्तर मिळेपर्यंत हलायचा नाही.

मराठी ख्रिस्ती लोकांत पाद्र्याला 'पाळक' म्हणतात आणि चर्चमधल्या समूहाला 'मंडळी'. म्हणजे खरा पाळक घोड्यावर नव्हताच, तो शेजारच्या घरात होता.

सगळं गोड होतं असं नाही. १७८४ च्या सभेने सभासदांना गुलाम मुक्त करायला सांगितलं, आणि काही महिन्यांतच तो नियम गुंडाळून ठेवला. गोऱ्यांच्या चर्चमधली वागणूक सोसेना म्हणून रिचर्ड अ‍ॅलन या पूर्वी गुलाम असलेल्या उपदेशकाने फिलाडेल्फियात कृष्णवर्णीयांचं चर्च उभं केलं, आणि १८१६ साली त्यांचा वेगळा पंथच झाला. १८४४ साली गुलामीवरून मूळ चर्चचीही दोन शकलं झाली. एकमेकांची विचारपूस करणाऱ्यांनाही काही माणसं दिसत नव्हती. पुढे उपदेशकांना घरं मिळाली, चर्चं मोठी झाली आणि क्लास हळूहळू विरत गेले.

ही पद्धत मुंबईतही पोचली होती बरं का. विल्यम टेलर हा अमेरिकन उपदेशक १८७१ साली तिथे आला आणि त्याने घराघरांत छोटे गट बांधले. १८४८ पासून मुंबईत राहणारा जॉर्ज बोवेन त्याला मिळाला. अपोलो बंदराजवळच्या मेथॉडिस्ट चर्चला आजही बोवेनचं नाव आहे.

हे सगळं मी का लिहितोय? मी ना ख्रिस्ती, ना फारसा धार्मिक. पण आमच्या इथल्या मंडळाच्या यादीत चारशे नावं आहेत. गणपतीला हॉल ओसंडून वाहतो. २००९ साली आमच्यातल्या एकाची नोकरी गेली, आणि तो यायचा बंद झाला. सहा महिने कुणाच्या लक्षातच आलं नाही. यादी सांभाळणारा मीच होतो! नंतर एकदा दुकानात भेटला, तेव्हा हसून म्हणाला, "अरे, ईमेल येत होते की सगळे."

आता मी बारा नावं वेगळी लिहून ठेवलीयेत. दर रविवारी फोन करतो. गप्पा बहुतेक हवापाण्याच्याच होतात. असो. तरी करतो.